काळीवर शेड बांधताना

जुन्या गावगाड्यात जमिनीचे सरळ दोन भाग असत. काळी पिकाची, पांढरी वस्तीची. खानदेशातल्या तापीकाठच्या जुन्या गावांत हे अजून दिसतं: धाब्याची घरं पांढरीच्या उंचवट्यावर, आणि उतार संपून काळी लागली की घरंही थांबतात. आता मात्र मळ्यात, किंवा शेत मोडून पाडलेल्या प्लॉटच्या परसात, दहा बाय बारा फुटांची एखादी शेड हवी असते. मोटार उघडायला, वेल्डिंगला, सुतारकामाला. ती थेट काळीत येते.

चोपड्याकडच्या मळ्यात काकांनी अशीच शेड टाकली. गवंडी म्हणाला होता, "नाना, काळी आहे, आधी खणून काढू." काकांना एवढ्याशा शेडला तो खर्च जास्त वाटला. माती सारखी केली, वर कोबा केला. पहिल्याच पावसाळ्यात कोब्याच्या कडा उचलल्या, मधोमध चीर पडली, दार घासायला लागलं. दिवाळीपर्यंत रंध्याच्या पात्यावर आणि पान्यांवर तांबूस थर चढला. छत कुठेही गळत नव्हतं. पाणी खालून आलं होतं.

काळी माती ही बेसाल्ट खडक झिजून झालेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. त्याचे कण म्हणजे एकावर एक रचलेले अतिपातळ पापुद्रे. कोरडे असताना एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर सुमारे 1 नॅनोमीटर असतं. पाण्याचे रेणू मध्ये शिरले की ते दीड नॅनोमीटरपर्यंत आणि त्याच्याही पुढे जातं. असे असंख्य पापुद्रे एकदम फुगतात तेव्हा हलकी शेड त्यांना दाबून धरू शकत नाही. पाऊस आधी कडेच्या मातीत मुरतो, म्हणून कडा आधी उठतात. उन्हाळ्यात कडेचीच माती आधी आटते आणि भेगाळते, म्हणून त्याच कडा खाली बसतात.

आपली माती किती फुगते, हे पाहायची भारतीय मानकातली चाचणी मला फार आवडते, कारण तिच्यात यंत्र लागत नाही. वाळवलेली, बारीक चाळलेली माती 10-10 ग्रॅम दोन मोजपात्रांत घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल, आणि 24 तास थांबायचं. रॉकेलचे रेणू पापुद्र्यांमध्ये शिरून ते फुगवत नाहीत, त्यामुळे तिथली माती आहे तेवढीच राहते. पाण्यातली माती तिच्यापेक्षा किती टक्के जास्त जागा व्यापते ते मोजा. 50 टक्क्यांच्या वर गेली, तर तिच्यावर थेट बांधू नका.

उपाय तोच, गवंड्याने सांगितलेला. शेडच्या जागेपेक्षा चारी बाजूंनी थोडं जास्त, निदान दोन फूट खोल काळी काढायची आणि तिथे मुरूम भरायचा. इथे एक चूक सर्रास होते: मुरूम महाग पडतो म्हणून खड्ड्यात वाळू टाकतात. काळीतला वाळूचा खड्डा म्हणजे हौदच. आजूबाजूचं पाणी वाळूतून सहज आत येतं, खालच्या काळीतून निचरा होत नाही, आणि ते तिथेच बसून राहतं. आयआयटी मुंबईचे प्रा. आर. के. कट्टी यांनी या मातीवर दीर्घ काम केलं. न फुगणारी पण थोडा चिकटपणा असलेली माती साधारण मीटरभर दाबून बसवली, तर खालच्या काळीचं फुगणं बरंच आवरतं, हे त्यांनी दाखवलं. तेव्हा किंचित चिकण असलेला मुरूम निवडा, त्यालाही रॉकेलची चाचणी लावा. अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर पाणी शिंपडून धुमसाने नीट चोपा, आणि जमिनीच्या वर फूटभर येईपर्यंत भरत जा.

एवढ्याने शेड हलायची थांबेल. ओल थांबणार नाही. दिव्याची वात तेल ओढते तशी मुरमातली बारीक छिद्रं पाणी वर ओढतात. छिद्र जितकं अरुंद तितकं पाणी उंच चढतं: काचेच्या नळीची त्रिज्या 0.1 मिलिमीटर असेल तर 15 सेंटिमीटर, 0.01 मिलिमीटर असेल तर दीड मीटर. याउलट 5 मिलिमीटर त्रिज्येच्या पोकळीत ते जेमतेम 3 मिलिमीटर चढतं. म्हणून मुरमावर अर्धा फूट मोठी, धुतलेली खडी पसरायची. आपल्याकडे दगडी सोलिंग करून फटींत मुरूम ठासतात. मजबुतीला ते ठीक, पण ओलीला त्याच मुरमातून वाट मिळते. खडीतल्या फटी रिकाम्याच ठेवा.

खडीवर दोन इंच पीसीसी, म्हणजे बिनसळईचं साधं काँक्रीट, घोटून सपाट करा, त्यावर प्लास्टिक. ते निदान 250 मायक्रॉनचं हवं, दुकानदाराच्या भाषेत 1000 गेज. मल्चिंग पेपर 25-30 मायक्रॉनचा असतो, तो इथे टिकणार नाही. शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा कागद उरला असेल तर उत्तम. जोड फूटभर एकमेकांवर चढवून चिकटवा, कडा भिंतीच्या डीपीसीपर्यंत (ओल अडवणाऱ्या थरापर्यंत) वळवा, मग वर जाळी टाकून चार इंच काँक्रीट.

छपराचं पाणीही सांभाळायला हवं. जळगावकडे वर्षाला सुमारे 700 मिलिमीटर पाऊस धरला तर दहा बाय बाराच्या पत्र्यावर साडेसात हजार लिटरच्या वर पाणी पडतं. ते चारी कडांना जिरलं तर खालची सगळी मेहनत वाया. पन्हळ लावा आणि भोवती बाहेर उताराची तीन फूट फरसबंदी करा.

काकांनी गेल्या उन्हाळ्यात सगळं उकरून असंच केलं. जुलैत एका सकाळी फरशी पुन्हा ओली दिसली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. आम्ही दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारी कडांना टेप लावून फरशीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी थेंब प्लास्टिकच्या वरच्या बाजूला होते, खालची बाजू कोरडी. पावसाळ्यात 30 अंश तापमानाच्या, 80 टक्के आर्द्रतेच्या हवेतली वाफ 26 अंशांच्या आसपास पाणी होऊ लागते, आणि रात्रभर गार झालेली फरशी त्याहून थंड होती. म्हणजे ही ओल हवेतली. आता काका ऊन पडल्यावरच खिडक्या उघडतात, आणि पान्यांना तेलाचा हात देऊन ते भिंतीवर टांगतात.