कृष्णवर्णीय सैनिकांची स्मृतिपदके (अमेरिका)

अमेरिकेच्या सैन्यात लढलेल्या आफ्रिकन वंशाच्या सैनिकांच्या गौरवार्थ पाडलेली पदके आणि त्यांच्या रचनेची परंपरा. यादवी युद्धाच्या काळातील बटलर पदक (१८६४–६५) हे या परंपरेतील आरंभीचे ठळक उदाहरण होय; २००६ पासून अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तेथील संसदेने, कायदे करून वेगवेगळ्या कृष्णवर्णीय पथकांना दिलेली सुवर्णपदके ही तिची अलीकडची शाखा आहे. दोहोंची जात मात्र वेगळी आहे. बटलर पदक फितीला अडकवून छातीवर लावण्यासाठी होते आणि ते एकेका शिपायाला त्याच्या पराक्रमाबद्दल मिळाले. काँग्रेसचे सुवर्णपदक साधारण तीन इंच व्यासाचे असते, त्याला फीत नसते, ते अंगावर मिरवायचे नसते आणि ते संपूर्ण पथकाला मिळून एकच दिले जाते, तेही बहुधा त्या पथकातील बहुतेकांच्या मृत्यूनंतर.

या पदकांची रचना करणाऱ्यापुढे पहिली अडचण येते ती माध्यमाची. धातूला एकच रंग असतो. चित्रकाराला कातडीचा वर्ण रंगवता येतो. पदककाराच्या हाती उठाव आणि त्यातून पडणारी सावली एवढेच असते आणि हा उठावही काही मिलिमीटरांपलीकडे जात नाही. चांदीत, सोन्यात किंवा ब्राँझमध्ये गोरा सैनिक आणि काळा सैनिक सारखेच चमकतात. मग ओळख पटवायची ती चेहऱ्याच्या ठेवणीतून, आणि एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन नियतकालिकांनी नेमकी हीच ठेवण व्यंगचित्रांत इतकी विकृत करून ठेवली होती की प्रामाणिक रेखाटन आणि टवाळी यांतील अंतर फार थोडे उरले होते. त्यामुळे या पदकांत चित्राइतकाच, कित्येकदा चित्रापेक्षाही अधिक, भार अक्षरांवर पडतो.

बटलर पदकात हे स्पष्ट दिसते. २९ सप्टेंबर १८६४ रोजी व्हर्जिनियातील रिचमंडजवळ न्यू मार्केट हाइट्स येथे दक्षिणेच्या, म्हणजे संघराज्यातून फुटलेल्या राज्यांच्या, सैन्याच्या तटबंदीवर कृष्णवर्णीय पलटणींनी चढाई केली. पुढे दलदलीचा ओढा, त्यापलीकडे तोडलेल्या झाडांचे अडथळे आणि वरून गोळीबार, अशा स्थितीत पहिल्या लाटेतील पलटणींची जबर हानी झाली. तरीही शेवटी मोर्चे हाती आले. ‘आर्मी ऑफ द जेम्स’ या सैन्याचा सेनापती बेंजामिन बटलर याने या लढाईतील वैयक्तिक शौर्याचे अहवाल मागवले आणि स्वतःच्या आदेशाने, स्वतःच्या खर्चाने रौप्यपदक करवून घेतले. राणी व्हिक्टोरियाने क्रिमियन युद्धातील साध्या शिपायांना दिलेल्या पदकाच्या तोडीचे आकारमान, वजन आणि मोल आपल्या पदकाला असावे असा त्याचा आग्रह होता, असे त्याने १८९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. या आग्रहामागचा संदर्भ लक्षात घ्यावा लागतो. १८६४ च्या जूनपर्यंत कृष्णवर्णीय शिपायाला महिन्याला १० डॉलर मिळत आणि त्यातूनही कपड्यांचे ३ डॉलर कापले जात. गोऱ्या शिपायाचा पगार १३ डॉलर होता आणि कपड्यांचा भत्ता वेगळा. ज्याला पगार कमी, त्याच्या पदकात चांदी कमी नसावी, हा बटलरचा हिशेब होता.

पदक पाडण्याच्या ठशाचे काम अँथनी पॅके या कारागिराकडे गेले. हँबर्ग येथे जन्मलेला पॅके फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत सहायक कोरीवकार होता आणि अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, प्रथम तयार झाले तेव्हा त्याचा ठसाही त्यानेच कोरला होता. निर्मिती न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने केली. दर्शनी बाजूवर तटबंदीवर चालून जाणारे कृष्णवर्णीय सैनिक आहेत. त्या आकृती लहान आहेत. चेहरे ओळखू यावेत असा कोरीवकाराचा प्रयत्नच नाही, आणि वर सांगितलेल्या अडचणीतून त्याने काढलेली ही शहाणपणाची वाट म्हणावी लागेल. हे सैनिक कोण, ते खालची ‘यू. एस. कलर्ड ट्रूप्स’ ही अक्षरे सांगतात. ‘कलर्ड’ हा शब्द आज कानाला खटकतो, पण ते त्या पलटणींचे अधिकृत नाव होते. वरच्या कडेने ‘फेर्रो ईईस लिबेर्तास पेरवेनिएत’ हे लॅटिन वचन फिरते : शस्त्राच्या बळावर त्यांना स्वातंत्र्य लाभेल. या वचनातील दोन गोष्टी ठेचाळायला लावतात. एक म्हणजे क्रियापद भविष्यकाळी आहे. पदक शौर्य घडून गेल्याचे असले तरी स्वातंत्र्य अजून यायचे आहे. दुसरी गोष्ट, ‘त्यांना’. ज्याच्या छातीवर ते लागायचे त्याच्याशी हे पदक बोलत नाही, त्याच्याविषयी तिऱ्हाइताशी बोलते. मागील बाजूवर ओकच्या पानांचे कडे, त्यात रिचमंडपुढील मोहिमेचा उल्लेख, भोवती ‘शौर्यासाठी विशेष’ या अर्थाची इंग्रजी अक्षरे आणि १८६४ हे वर्ष आहे. फीत लाल, पांढरी व निळी होती.

सुमारे २०० पदके पाडली गेली. परंतु डिसेंबर १८६४ मधील फोर्ट फिशरची स्वारी फसल्यावर जानेवारीत बटलरची सेनापतिपदावरून उचलबांगडी झाली आणि त्याच्या पदकाला युद्धखात्याची मान्यता कधीच मिळाली नाही. पुढे अनेक वर्षांनी जुने शिपाई भेटले की कुठेतरी खोल जपून ठेवलेले पदक बाहेर काढून दाखवत, असे बटलर सांगतो. याच लढाईबद्दल १४ कृष्णवर्णीय सैनिकांना मेडल ऑफ ऑनर हे सरकारी पदक मिळाले. निशाणधारक कोसळल्यावर निशाण उचलून धरणारा बाल्टिमोरचा सार्जंट मेजर ख्रिश्चन फ्लीटवुड त्यांपैकी एक. म्हणजे सरकारी आणि बिनसरकारी अशी दोन्ही पदके एकाच लढाईची, आणि दोन्हींचे ठसे एकाच हाताचे.

त्यानंतर सव्वाशेहून अधिक वर्षे या प्रकारात सांगण्याजोगे फारसे घडले नाही. १९९८ मध्ये अमेरिकन टाकसाळीने स्वातंत्र्ययुद्धातील कृष्णवर्णीय देशभक्तांच्या स्मरणार्थ चांदीचा डॉलर काढला. ते नाणे असल्याने या नोंदीच्या कक्षेत काटेकोरपणे बसत नाही. तरी रचनेच्या दृष्टीने ते बोलके आहे. त्याच्या दर्शनी बाजूवर १७७० मध्ये ब्रिटिश सैनिकांनी केलेल्या बॉस्टन हत्याकांडात मारला गेलेला क्रिस्पस अ‍ॅटक्स आहे. त्याचे जिवंतपणी काढलेले एकही चित्र उपलब्ध नाही, त्यामुळे नाण्यावरचा चेहरा सर्वस्वी कल्पित आहे. राष्ट्राध्यक्षाचे नाणे घडवताना शिल्पकारापुढे डझनावारी तसबिरी असतात. येथे पाटी कोरीच होती.

काँग्रेसच्या सुवर्णपदकाची प्रक्रिया कायद्यापासून सुरू होते. विधेयक पुढे सरकण्यासाठी प्रथेनुसार दोन्ही सभागृहांतील दोन तृतीयांश सदस्यांचा पाठिंबा सहप्रस्तावक म्हणून मिळवावा लागतो, म्हणजे प्रतिनिधिगृहात २९० आणि सिनेटमध्ये ६७. कायद्याच्या भाषेत रचनेविषयी जेमतेम एक वाक्य असते : कोषमंत्र्यांनी ‘योग्य ती चिन्हे, आकृती आणि मजकूर’ असलेले पदक पाडावे. योग्य म्हणजे काय, ते पुढे ठरते. टाकसाळीचे शिल्पकार आणि २००३ पासून बाहेरून नेमलेले चित्रकार अनेक पर्याय रेखाटतात, गौरव होणाऱ्या पथकाचे प्रतिनिधी त्यांतील गणवेश, बिल्ले, शस्त्रे तपासतात, नाण्यांविषयीची नागरिक सल्लागार समिती आणि ललितकला आयोग ही दोन मंडळे आपापली शिफारस करतात आणि अंतिम शब्द कोषमंत्र्यांचा असतो. मग निवडलेले चित्र मातीत आणि प्लॅस्टरमध्ये, किंवा आता सर्रास संगणकावर, पदकाच्या कित्येक पट मोठ्या आकारात उठावाने घडवले जाते, यंत्राने लहान करून पोलादी ठशावर उतरवले जाते आणि दाबयंत्राखाली पदक पाडले जाते. उठाव खोल असेल तर एका दाबात धातू ठशाच्या खाचांत पूर्ण शिरत नाही. चकती भट्टीत तापवून मऊ करायची आणि पुन्हा दाबायची, असे अनेकदा करावे लागते. रेखाटनात सुंदर दिसणारी बारीक अक्षरे येथेच दगा देतात, कारण त्याच ठेवणीची दीड इंची ब्राँझ प्रतही विक्रीसाठी निघायची असते आणि तिच्यावरही मजकूर वाचता आला पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धातील ‘टस्कीगी वैमानिक’ या कृष्णवर्णीय पथकाच्या पदकाचा कायदा ११ एप्रिल २००६ रोजी संमत झाला आणि २९ मार्च २००७ रोजी कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाच्या, घुमटाखाली ते प्रदान करण्यात आले. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी, पूर्वी या मंडळींनी केलेल्या ज्या सलामांना कोणी उत्तर दिले नव्हते त्यांची अंशतः भरपाई म्हणून, समोर बसलेल्या सुमारे ३०० वृद्धांना सलाम केला. टाकसाळीच्या शिल्पकार फीबी हेम्फिल यांच्या रचनेत दर्शनी बाजूवर तीन चेहरे बाजूने दिसतात : अधिकारी, यांत्रिक आणि वैमानिक, सोबत गरुड आणि १९४१ व १९४९ ही वर्षे. यांत्रिकाची निवड या पदकातील सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट आहे. अलाबामातील टस्कीगी येथे प्रशिक्षित झालेले वैमानिक हजाराच्या आत होते; त्यांची विमाने उडती ठेवणारे, दारूगोळा भरणारे, हवाई छत्र्या बांधणारे लोक त्यांच्या अनेक पटींनी होते, आणि एरवीच्या स्मृतिचित्रांत ते कुठेच नसतात. मागील बाजूवर पी-४०, पी-५१ आणि बी-२५ ही विमाने आहेत. बी-२५ हे बाँबफेकी विमान चालवण्यासाठी उभारलेला कृष्णवर्णीय गट युद्ध संपेपर्यंत आघाडीवर पोहोचलाच नाही, तरी तो पदकावर आहे. युद्धातला पराक्रम तेवढाच मोजायचा असता तर हे विमान गाळता आले असते.

मागील बाजूच्या मजकुराचा आशय असा : उत्कृष्ट युद्धकामगिरीमुळे सशस्त्र दलांत क्रांतिकारक सुधारणा घडून आली. टस्कीगी वैमानिकांच्या संरक्षणाखालील एकही बाँबफेकी विमान शत्रूच्या लढाऊ विमानांनी पाडले नाही, ही आख्यायिका दीर्घकाळ प्रचलित होती. २००६ च्या अखेरीस, म्हणजे पदक प्रदान होण्याच्या थोडे आधी, ती जाहीर वादात सापडली आणि युद्धकालीन कागदपत्रांवरून अशी वीसहून अधिक विमाने गमावल्याचे निष्पन्न झाले. पदकावर हा दावा नाही, ही मोठीच बरी गोष्ट झाली. पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. ठशातली होत नाही.

माँटफर्ड पॉइंट येथील मरीन, म्हणजे सागरी पायदळाच्या, सैनिकांचे पदक (कायदा २०११, प्रदान जून २०१२) याच घडणीचे आहे. नॉर्थ कॅरोलायनातील या वेगळ्या ठेवलेल्या छावणीत १९४२ ते १९४९ या काळात सुमारे २०,००० कृष्णवर्णीय मरीन तयार झाले. पदकाच्या एका बाजूवर तीन मरीन व त्यांच्यामागे अडथळ्यांच्या शर्यतीचे प्रशिक्षण आहे. दुसरीवर रांगेतील जवान आणि मागे छावणीची पाण्याची टाकी. स्वातंत्र्यदेवता, गरुड, लॉरेलची पाने या ठरावीक सामग्रीत पाण्याची टाकी शोभत नाही आणि म्हणूनच ती खरी वाटते. तिथे राहिलेल्या माणसाला ती लांबूनच ओळखू येईल. येथे एक बाब नोंदण्याजोगी आहे. टस्कीगी काय किंवा माँटफर्ड पॉइंट काय, पदकाच्या नावात ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द येतच नाही. जागेचे नाव पुरते. काळ्या सैनिकांना वेगळे ठेवण्यासाठी निवडलेली जागाच पुढे त्यांची ओळख होऊन बसली आणि १८६४ मध्ये ‘कलर्ड’ या शब्दाने केलेले काम स्थळनामाने केले. या पदकाच्या ब्राँझ प्रती हयात मरीनांना एकेक हातात देण्यात आल्या.

पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्याच्या हाताखाली १९१ दिवस आघाडीवर राहिलेल्या ३६९ व्या पायदळ पलटणीला, म्हणजे ‘हार्लेम हेलफायटर्स’ना, फ्रान्सने आपला ‘क्र्वा द गेर’ हा युद्धशौर्याचा सन्मान युद्ध संपताच दिला होता. स्वदेशाचा सुवर्णपदकाचा कायदा २५ ऑगस्ट २०२१ रोजी झाला. तोवर पलटणीतील कोणीही हयात नव्हते. त्यामुळे टोपी कशी घातली जात असे किंवा पट्टा कोणत्या बाजूला असे, हे सांगणारा माणूस रेखाटनकारांना मिळण्याजोगा नव्हता. छायाचित्रे, संग्रहालयांतील वस्तू आणि वंशजांच्या घरांतील चिजा यांवरच भिस्त होती. दुसऱ्या महायुद्धात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे साचलेल्या लक्षावधी टपालवस्तूंचा सहा महिन्यांचा ठरवून दिलेला निपटारा तीन महिन्यांत करणाऱ्या ६८८८ व्या टपाल पलटणीच्या ८५५ महिलांसाठी २०२२ मध्ये कायदा झाला आणि एप्रिल २०२५ मध्ये पदक प्रदान झाले.

टस्कीगीचे आणि हार्लेमचे मूळ सुवर्णपदक कायद्यातील तरतुदीनुसार स्मिथसोनियन या अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालय संस्थेकडे जाते. बटलर पदकाची एक प्रतही त्याच संस्थेच्या वॉशिंग्टनमधील आफ्रिकन अमेरिकन इतिहास व संस्कृती संग्रहालयात आहे.