काळा आजार आणि सायटोकाइने

लीशमॅनिया डोनोव्हानी या एकपेशीय परजीवीमुळे काळा आजार होतो. लांबलेला ताप, फुगलेली प्लीहा, घटते वजन व रक्तक्षय ही त्याची लक्षणे असून उपचार न मिळाल्यास बहुतेक रोगी दगावतात. परजीवी पसरवते ती वाळूमाशी. भारतात या रोगाचा मुख्य भार बिहारने सोसला. विल्यम लीशमन व चार्ल्स डोनोव्हान यांनी १९०३ मध्ये परजीवीचे वर्णन स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले.

या रोगात विलक्षण आहे ती परजीवीची राहण्याची जागा. शरीरात शिरलेले जंतू गिळून पचवणे हे मॅक्रोफेजांचे, म्हणजे महाभक्षी पेशींचे काम; लीशमॅनिया नेमका त्यांच्याच पोटात, आम्लयुक्त पाचक पुटिकेत वाढतो. चोराने पोलीस चौकीतच बिऱ्हाड थाटावे, तसा हा प्रकार. प्रतिपिंडे (जंतूंना चिकटणारी रक्तातील संरक्षक प्रथिने) पेशीच्या आत पोहोचत नाहीत, त्यामुळे रोग्याच्या रक्तात ती भरपूर असूनही फारसा उपयोग होत नाही. महाभक्षी पेशीलाच मारक बनवावे लागते आणि तसा निरोप सायटोकाइने आणतात. सायटोकाइने म्हणजे पेशींनी एकमेकींसाठी स्रवलेली लहान प्रथिने.

परजीवीची चाहूल लागलेल्या डेंड्रायटिक पेशी, म्हणजे टी-पेशींना जंतूंची ओळख करून देणाऱ्या पहारेकरी पेशी, इंटरल्यूकिन-१२ हे सायटोकाइन सोडतात. त्याच्या प्रभावाखाली साहाय्यक टी-पेशी (इतर संरक्षक पेशींना चालना देणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) 'टीएच-१' प्रकारच्या होतात व इंटरफेरॉन-गॅमा स्रवतात. हे सायटोकाइन मिळताच महाभक्षी पेशी परजीवीला घातक अशी ऑक्सिजनची क्रियाशील संयुगे व नायट्रिक ऑक्साइड तयार करते. नायट्रिक ऑक्साइडचे महत्त्व उंदरांत स्पष्ट दिसले आहे. माणसात त्याचा वाटा किती, यावर मतभेद आहेत.

साहाय्यक टी-पेशींचे टीएच-१ व टीएच-२ हे दोन प्रकार टिम मॉसमन व रॉबर्ट कॉफमन यांनी १९८६ मध्ये मांडले. त्वचेचा लीशमॅनियासिस घडवणाऱ्या लीशमॅनिया मेजरने या कल्पनेला सजीवातला ठळक पुरावा दिला : सी५७ब्लॅक/६ वंशाचे उंदीर इंटरफेरॉन-गॅमाच्या बळावर बरे होतात, तर बाल्ब/सी वंशाच्या उंदरांत टीएच-२ पेशींचे इंटरल्यूकिन-४ वरचढ ठरून रोग बळावतो. आतड्यातील कृमींच्या बाबतीत मात्र पारडे उलटते. तेथे इंटरल्यूकिन-४ व १३ हीच उपकारक, कारण त्यांच्यामुळे आतड्यात श्लेष्मा वाढतो, स्नायू जोराने आकुंचन पावतात आणि कृमी बाहेर फेकले जातात. म्हणून एखाद्या सायटोकाइनाला सरसकट 'चांगले' म्हणणे फसवे आहे.

उंदरांतले हे सुबक द्वंद्व माणसाच्या काळ्या आजाराला जसेच्या तसे लागू पडत नाही. रोग्यांच्या प्लीहेत इंटरफेरॉन-गॅमा तयार होत असतेच. पण सोबत इंटरल्यूकिन-१० ही वाढलेले असते आणि ते महाभक्षी पेशीला थंड करते. एरवी दाह आवाक्यात ठेवून ऊती वाचवणारे हे सायटोकाइन येथे परजीवीच्या पथ्यावर पडते. बाहेरून इंटरफेरॉन-गॅमा टोचून अँटिमनीच्या (काळ्या आजारावरील जुन्या, धातुयुक्त) औषधाला जोड देण्याचे प्रयोग ब्राझील व बिहारमध्ये झाले, पण ही उपचारपद्धती रूढ झाली नाही. बिहारमध्ये अँटिमनीच निष्प्रभ होत गेले व पुढे लिपोसोमयुक्त (मेदाच्या सूक्ष्म पुटिकांत भरलेले) अँफोटेरिसिन-बी हे औषध वापरात आले.

औषधाने रोगी बरा झाला तरी काही परजीवी शरीरात उरू शकतात. त्यांना दाबून ठेवण्याचे काम टी-पेशी व त्यांची सायटोकाइने करतात. एचआयव्हीबाधितांत या पेशी घटत असल्याने काळा आजार पुनःपुन्हा उलटतो.