तीन बोटं मनगटावरच का? चिनी नाडीपरीक्षेची पार्श्वभूमी

पारंपरिक चिनी वैद्यकात रोगी तपासण्याच्या चार रीती आहेत: पाहणे, ऐकणे आणि हुंगणे (चिनीत दोन्हींसाठी एकच शब्द), विचारणे आणि चाचपणे. मनगटावरची नाडी ही चौथ्या रीतीत येते आणि तीच या वैद्यकाची ओळख बनली. सुरुवातीला मात्र वैद्य फक्त मनगट धरत नव्हते.

चीनमधल्या मावांगत्वी इथलं इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेलं थडगं १९७३ मध्ये उघडलं, तेव्हा रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर सापडले. त्यांत शरीरातल्या अकरा वाहिन्या आहेत, सुई टोचण्याचे बिंदू नाहीत. पुढच्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या संकलनात वाहिन्या बारा झाल्या आणि अवयवांची सांगड यिन-यांग या परस्परपूरक जोडीशी व लाकूड, अग्नी, माती, धातू, पाणी या पाचांशी घातली गेली. ही आपली पंचमहाभूतं नव्हेत. ती द्रव्यं नसून बदलाच्या अवस्था आहेत, आणि त्यांत वायू नाही, आकाशही नाही. नाडी बघायची ती डोकं, हात, पाय अशा तीन भागांत, प्रत्येकी तीन ठिकाणी. तीही पहाटे, रोग्याने काही खाण्याआधी.

या नऊ जागा मागे पडल्या त्या ‘नानजिंग’मुळे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या या ग्रंथात ८१ अवघड प्रश्न आहेत, आणि पहिलाच प्रश्न आहे: बाराही वाहिन्या कुठे ना कुठे उडतात, मग मनगटच का? उत्तर हिशेबाने दिलं आहे. एका श्वासोच्छ्वासात रक्त आणि ‘छी’ (शरीरात वाहणारी जीवनशक्ती) सहा त्सुन (लांबीचं चिनी माप) पुढे सरकतात. अहोरात्रात १३,५०० श्वास आणि शरीराभोवती ५० फेऱ्या होतात. दर वेळी प्रवाह फुप्फुसाच्या वाहिनीवर, म्हणजे मनगटाशी परत येतो. १३,५०० श्वास म्हणजे मिनिटाला जेमतेम नऊ. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस साधारण १२ ते २० श्वास घेतो. हा आकडा मोजून आलेला नाही, मांडणी जुळावी म्हणून बसवलेला दिसतो. पण त्यावर उभी राहिलेली कृती टिकली.

ती कृती अशी. रोग्याचा हात हृदयाच्या पातळीवर, तळवा वर, मनगटाखाली छोटी उशी. अंगठ्याच्या बाजूच्या उंच हाडाशी आधी मधलं बोट टेकवायचं, मग तळव्याकडे तर्जनी, कोपराकडे अनामिका. डाव्या मनगटावर क्रमाने हृदय, यकृत, मूत्रपिंड. उजव्यावर फुप्फुस, प्लीहा आणि पुन्हा मूत्रपिंड किंवा ‘मिंगमन’ (जीवनाचं दार). दाबाचं माप ‘नानजिंग’मध्ये डाळीच्या दाण्यांत आहे: तीन दाण्यांच्या भाराला फुप्फुस, सहाला हृदय, नवाला प्लीहा, बाराला यकृत आणि थेट हाडापर्यंत दाबलं की मूत्रपिंड. वेग मोजायचं घड्याळ म्हणजे वैद्याचा स्वतःचा श्वास. एका श्वासात चार-पाच ठोके ठीक, तीन म्हणजे मंद, सहा म्हणजे जलद. म्हणूनच वैद्य दमलेला असेल तर मापच बिघडतं. रोगी नुकता जिना चढून आला असेल तरी तेच. काहींची धमनी मुळातच मनगटाच्या पाठीमागून जाते. तिथे नेहमीच्या जागी काही न लागणं हा आजार नव्हे.

आपल्याकडेही वैद्य तीन बोटं ठेवतात, पण त्यांखाली वात, पित्त, कफ वाचतात. चरक-सुश्रुतांत ही परीक्षा नाही. ती ‘शार्ङ्गधरसंहिते’पासून ठळक दिसते.

चीनमध्ये तिसऱ्या शतकात वैद्य वांग शूह यांनी ‘माय जिंग’ या नाडीवरच्या ग्रंथात नाडीचे २४ प्रकार लावले, १५६४ मध्ये ली शिजन यांनी २७ केले, पुढे २८ रूढ झाले. ‘पाहणे’ या रीतीतली जिभेची पाहणी बरीच नंतर स्थिरावली. १३४१ च्या पुस्तकात जिभेची ३६ चित्रं आहेत. १९२९ मध्ये हे वैद्यक बंद करण्याचा प्रस्ताव सरकारी आरोग्य समितीने मंजूर केला, त्यावर मोठा विरोध झाला. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगचौ आणि छंगदू इथे सरकारी महाविद्यालयं निघाली आणि विखुरलेल्या परंपरा एका पाठ्यक्रमात आल्या.

पाठ्यक्रम एक झाला, तरी बोटं एक झाली नाहीत. आजच्या चाचण्यांतही एकाच रोग्याच्या नाडीवर दोन वैद्यांचं मत अनेकदा जुळत नाही. वांग शूह यांनी आपल्या प्रस्तावनेतच ही अडचण लिहून ठेवली होती: नाड्या मनात समजायला सोप्या, बोटांखाली ओळखायला अवघड, आणि संथ नाडीला मंद समजलं, तर धोका लगेच उभा राहतो.