ट्रस्टच्या दवाखान्यात पोराला मोफत खाट नसते?

‘मोफत उपचार फक्त सरकारी दवाखान्यात, चकाचक ट्रस्ट हॉस्पिटलची पायरी गरिबाने चढूच नये.’ हे वर्षानुवर्षं ऐकत आलोय, आणि ते खोटं आहे. महाराष्ट्रात तरी नक्कीच.

मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय, म्हणजे ट्रस्टच्या, रुग्णालयांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. सध्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 1 लाख 80 हजारांपर्यंत असेल तर निर्धन, 3 लाख 60 हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. म्हणजे केशरी कार्डवाल्यांनीही आशा सोडायची नाही.

पैसा कुठून येतो? रुग्णालय बाकीच्या रुग्णांच्या बिलांतले 2 टक्के एका वेगळ्या निधीत टाकतं. निर्धन रुग्णाची खाट, जेवण, नर्सिंग, नेहमीच्या तपासण्या यांचं बिलच होत नाही. औषधं आणि इतर साहित्याचा खर्च या निधीतून भागतो.

सगळ्यात महत्त्वाचं: बाळ अत्यवस्थ असेल तर आधी दाखल करून घ्यायचं, डिपॉझिट मागायचं नाही, असा नियम आहे. काउंटरवर ‘आधी पैसे भरा’ म्हणाले तर तिथेच हुज्जत घालत बसू नका, वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा. कागदं त्यांच्याकडेच द्यायची: रेशनकार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. खाटा भरलेल्या असतील तर मात्र थांबावं लागू शकतं. खाट रिकामी असूनही नकार मिळाला तर धर्मादाय आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार करा.