अनोळखी माणसाचा फोटो किती फुटांवरून काढायचा?

मागच्या पावसाळ्यात पुण्याच्या मंडईत एका मावशींचा फोटो काढला. महात्मा फुले मंडईची १८८६ सालची ती दगडी अष्टकोनी इमारत आहे ना, तिच्या बाहेर लिंबं-मिरची-आलं घेऊन बसतात त्यातल्या एक. डोक्यावर निळी ताडपत्री, तिच्यावर पाऊस वाजतोय, आणि मावशींचा चेहरा असा की पुढे जाववेना. विचारलं, मावशी एक फोटो काढू का, त्या म्हणाल्या काढ की, मी खाली वाकून फोन जवळ नेऊन पटकन काढला आणि लगेच त्यांना दाखवला. त्यांनी स्क्रीनकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "ही मी नाय."

रागाने नव्हत्या म्हणाल्या, साधं सांगत होत्या, पण मला ते फार लागलं कारण त्या बरोबर होत्या. नाक फुगलेलं, कपाळ मोठं आणि कान मागे गेलेले, गालावर निळसर मेलेला रंग, आणि वर फोनने आपल्या मनाने त्यांच्या सुरकुत्या पुसून त्यांना दोन शेड गोरं करून टाकलं होतं. समोर इतका सुंदर चेहरा होता आणि माझ्या हातात दुसऱ्याच कुणाचा तरी आला होता. घरी जाऊन मी हे का झालं ते शोधत बसलो आणि तेव्हापासून रस्त्यावर अनोळखी माणसांचे फोटो काढायची माझी पद्धतच बदलली.

पहिलं नाकाचं बघू. आपण म्हणतो वाइड लेन्सने चेहरा बिघडतो, पण दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत साधारण १२ सेंटीमीटर धरा. फोन नाकापासून ४० सेंटीमीटरवर असेल तर कान ५२ सेंटीमीटरवर पडतो, म्हणजे कानाच्या मानाने नाक १.३ पट मोठं दिसणार. मागे सरकून दीड मीटरवर गेलात तर हेच गणित १६२ भागिले १५०, म्हणजे जेमतेम १.०८ पट. नाक तेच, कान तेच, फक्त तुम्ही कुठे उभे आहात ते बदललं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मधे सेल्फीचं असंच गणित मांडलं होतं, कारण त्यांच्याकडे लोक सेल्फी दाखवून नाकाचं ऑपरेशन मागायला लागले होते, आणि त्यांच्या हिशोबात १२ इंचावरून काढलेल्या फोटोत नाक पाच फुटांवरच्या फोटोपेक्षा जवळपास ३० टक्के रुंद आलं.

मग लेन्स काय करते? तर ती फक्त चौकट कापते. डोकं-खांदे चौकटीत मावतील असा फोटो हवा असेल, म्हणजे साधारण दोन फूट उंचीचा तुकडा, तर फुल फ्रेम कॅमेऱ्यावर (ज्याचा सेन्सर जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, लांब बाजूने ३६ मिलीमीटर असतो) ८५ मिलीमीटरची लेन्स तुम्हाला दीड मीटरवर, म्हणजे पाच फुटांवर उभं करते, ५० मिलीमीटरची तुम्हाला ९० सेंटीमीटरपर्यंत पुढे ओढते, आणि फोनचा मेन कॅमेरा जो साधारण २४ मिलीमीटरसारखा असतो तो तर थेट ४२ सेंटीमीटरवर नेऊन ठेवतो. मी मावशींच्या तेवढाच जवळ होतो. फोनवाल्यांनी सरळ २एक्स किंवा ३एक्सची लेन्स लावायची आणि मागे सरकायचं, एवढं केलं तरी अर्धं काम झालं.

पण मला खरी मजा इथून पुढे वाटते. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९६६ साली माणसं एकमेकांपासून किती लांब उभी राहतात यावर लिहिलं. त्याच्या मांडणीत साधारण दीड फुटाच्या आत फक्त जिवाभावाची माणसं, चार फुटांपर्यंत ओळखीची, आणि चार ते बारा फूट म्हणजे कामापुरता संबंध असलेली. हे आकडे त्याने अमेरिकेत बघितलेले, आपल्याकडे लोकलमधे आणि मंडईत ते तसेच्या तसे लागू होणार नाहीत हे उघड आहे, पण रिकाम्या जागेत कुणी अनोळखी माणूस दीड फुटावर तोंड आणून उभा राहिला तर आपलंही अंग आपोआप मागे जातंच की. म्हणजे ज्या अंतरावर नाक फुगतं त्याच अंतरावर समोरचा माणूस आक्रसतो. आणि कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधे पिएत्रो पेरोना आणि रॅल्फ अडॉल्फ्स यांच्या टीमने २०१२ मधे हे जोडूनच दाखवलं, त्यांनी एकाच माणसाचे ४५ आणि १३५ सेंटीमीटरवरून फोटो काढले आणि लोकांना विचारलं हा माणूस कसा वाटतो, तर जवळून काढलेल्या फोटोतला माणूस कमी विश्वासू, कमी देखणा आणि कमी कर्तबगार वाटला. बघणाऱ्यांना अंतराबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. फोटोतल्या नाक-कानाच्या प्रमाणावरून मेंदू आतल्या आत ओळखत असावा की हा माणूस माझ्या अंगावर आलाय, आणि दोष त्या बिचाऱ्या चेहऱ्याला देत असावा.

उलटं टोक म्हणजे मोठी झूम लेन्स. २०० मिलीमीटरने तीच चौकट साडेतीन मीटरवरून येते, चेहरा जरा सपाट होतो, ते चालेल एक वेळ, पण तिथून बोलता येत नाही. रस्त्यापलीकडून झूमने टिपलेले म्हाताऱ्या माणसांचे फोटो मला आता बघवत नाहीत, त्यातली माणसं कुठेतरी दुसरीकडेच बघत असतात, त्यांना कळलेलंच नसतं. जाऊ दे, प्रत्येकाची पद्धत. माझं म्हणणं इतकंच की चार-पाच फूट हे बोलायचं अंतर आहे आणि चेहऱ्यालाही तेच मानवतं, आणि मंडईत हे अंतर आयतं मिळतं, कारण गिऱ्हाईक तिथेच असतं. गिऱ्हाईक असतं तिथे जायचं आणि उकिडवं बसायचं. उकिडवं महत्त्वाचं, कारण मावशी जमिनीवर बसलेल्या असतात, वरून काढलं तर कॅमेरा कपाळाच्या जवळ आणि हनुवटीपासून लांब जातो, मग पुन्हा तेच, कपाळ मोठं हनुवटी बारीक.

आता विचारण्याबद्दल. बहुतेकांचे हात इथेच गारठतात, माझेही गारठायचे. फ्रँक फ्लिन आणि व्हनेसा लेक (आताच्या व्हनेसा बोन्स) यांनी २००८ मधे यावर प्रयोग छापले. विद्यार्थ्यांना अनोळखी लोकांकडे छोटी छोटी मदत मागायला पाठवलं, फॉर्म भरून द्या, जरा फोन वापरू द्या असली, आणि आधी विचारून ठेवलं की इतके होकार मिळवायला तुम्हाला किती जणांना विचारावं लागेल. प्रत्यक्षात त्यांच्या अंदाजापेक्षा खूपच कमी लोकांना विचारून काम झालं. लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा जास्त वेळा हो म्हणतात. पण याचं दुसरं अंग बोन्स स्वतःच वारंवार सांगतात आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, लोक हो म्हणतात कारण तोंडावर नाही म्हणणं जड जातं. म्हणून मी विचारताना कॅमेरा खाली ठेवतो आणि "नको असेल तर नको, काही नाही" हे आधीच म्हणून टाकतो. काही जण नको म्हणतात. एक काका हार करता करता नुसता हात हलवून नको म्हणाले, मी शेवंतीचे दोन हार घेतले आणि निघालो. दोन महिन्यांनी त्यांनीच हाक मारली.

फोटोत आलेला पहिला माणूस हा रस्त्यावरचा अनोळखी माणूसच होता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. १८३८ मधे लुई दागेरने पॅरिसमधे खिडकीतून बुलव्हार द्यु तांप्ल या रस्त्याचा फोटो घेतला. एक्स्पोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू द्यायचा वेळ, काही मिनिटांचं, त्यामुळे घोडागाड्या आणि चालती माणसं प्लेटवर उमटलीच नाहीत, भरलेला रस्ता रिकामा आला. एक माणूस मात्र कोपऱ्यावर एक पाय वर ठेवून बुटाला पॉलिश करून घेत उभा होता, जागचा हलला नाही, म्हणून राहिला. त्याचं नाव कुणालाच कळलं नाही. पुढे स्टुडिओ आले तरी बराच काळ एक्स्पोजर लांबच होतं, मागून डोक्याला आधार देणारा लोखंडी स्टँड लावून लोकांना स्थिर ठेवायचे, आणि तेवढा वेळ हसू टिकवणं अवघड म्हणून ते गंभीर चेहरे. आता एक्स्पोजर सेकंदाच्या शंभराव्या भागाचं झालं तरी आपली जुनी माणसं कॅमेरा दिसला की पदर नीट करून हात गुडघ्यावर ठेवून ताठ बसतात. तो फोटो मी आधी काढतोच, कारण तो त्यांना हवा असतो, स्वतःला त्यांना तसं दाखवायचं असतं.

"हसा" असं मात्र कधी म्हणत नाही. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १८६२ मधे चेहऱ्याच्या स्नायूंना विजेचे झटके देऊन कोणता स्नायू काय करतो ते नोंदवलं. ओठांची टोकं वर ओढणारा स्नायू सांगितलं की काम करतो, पण डोळ्यांभोवतीचा गोल स्नायू, ज्याने डोळ्यांच्या कोपऱ्यात सुरकुत्या पडतात, तो त्याच्या मते मनातून आनंद झाल्याशिवाय हलत नाही. हे शंभर टक्के खरं नाही, काही लोकांना तो ठरवूनही हलवता येतो असं नंतर दिसलं, पण "हसा" म्हटल्यावर जे येतं ते बहुतेक वेळा नुसतं ओठांचं असतं. मी धंद्याचं काहीतरी विचारतो. लिंबं कुठली? श्रीगोंद्याची. यंदा रस कसा आहे? आणि उत्तर देऊन झाल्यावर जो एक-दोन सेकंदाचा निवांत क्षण येतो, तोंड मिटलेलं पण चेहरा अजून बोलण्यातच, तेव्हा बटण दाबतो.

आणखी एक वाक्य मला दर दोन माणसांमागे ऐकू येतं, "माझा फोटू चांगला येत नाय." याचंही कारण सापडतं. आपण स्वतःला रोज आरशात बघतो आणि आरशात डावं-उजवं उलट असतं. कुणाचाच चेहरा दोन्हीकडून सारखा नसतो, भांग एका बाजूला, एक भुवई जरा वर, त्यामुळे फोटोतला मी मला ओळखीचा पण थोडा वाकडा वाटतो. १९७७ साली मिटा, डर्मर आणि नाइट या संशोधकांनी मुलींना त्यांच्याच फोटोची सरळ आणि उलटी प्रत दाखवली, त्यांना बहुतेक वेळा आरशासारखी आवडली आणि त्यांच्या मैत्रिणींना सरळ. जे सवयीचं ते आवडतं. हे मी लोकांना सांगतो, आणि शेजारच्या टोपलीवाल्याला विचारतो बघा हो कसे आलेत काका, तो म्हणतो हुबेहूब, मग चेहरा खुलतो.

रंगाचं प्रकरण ताडपत्रीने केलं होतं. निळी ताडपत्री उजेडातला लाल भाग बराचसा अडवते, आणि आपल्या कातडीचा जिवंतपणा तर लाल-पिवळ्यातच असतो, म्हणून तिच्याखाली माणूस करडा पडतो. समोर उभं असताना हे जाणवत नाही कारण मेंदू भोवतालच्या उजेडाचा रंग वजा करून बघतो, शास्त्रात याला रंगस्थिरता म्हणतात. कॅमेरा तेच ऑटो व्हाइट बॅलन्सने करायला जातो पण त्याच्यासमोर हिरव्या मिरच्या, पिवळी लिंबं आणि निळं छप्पर एकदम आलं की त्याचा अंदाज चुकतो, शिवाय एका गालावर रस्त्याचा पांढरा उजेड आणि दुसऱ्यावर निळा असेल तर एका आकड्याने दोन्ही दुरुस्त होणारच नाहीत. उपाय पुन्हा गिऱ्हाइकाच्या जागेतच आहे. विक्रेते रस्त्याकडे तोंड करून बसतात, मोकळ्या आभाळाचा उजेड समोरून येतो, तुम्ही त्या बाजूला एका कडेला बसलात आणि त्यांनी मान जरा वर केली की तो मोठा मऊ उजेड डोळ्यांत जातो, बुबुळावर पांढरा ठिपका चमकतो आणि चेहरा जागा होतो. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो, तेव्हा मी सरळ चहा पितो.

गोरं करण्याबद्दल मात्र मला खरंच राग आहे. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या भिंतीपुढे सावळा माणूस आला की तो काळा पडतो. फिल्मच्या जमान्यात तर कोडॅक लॅबना रंग जुळवायला जी कार्डं पाठवायचं त्यांच्यावर कित्येक वर्षं गोऱ्या बाईचाच फोटो असायचा, त्यांना शर्ली कार्ड म्हणायचे, म्हणजे त्वचा कशी दिसली पाहिजे याचं मापच एका रंगाचं. आता मापं सुधारतायत, २०२२ मधे समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांच्याबरोबर गुगलने दहा छटांची पट्टी खुली केली. पण ब्युटी मोड चालू असेल तर फोन न विचारता सावळेपण आणि सुरकुत्या दोन्ही काढून टाकतो. चाळीस वर्षं उन्हात बसून कमावलेला चेहरा असतो तो. पहिलं काम म्हणून तो मोड बंद करा, मग स्क्रीनवर चेहऱ्यावर बोट ठेवून उजेडाचं माप चेहऱ्यावरूनच घ्या, मागची भिंत पांढरीफटक जळाली तर जळू दे.

मी पुन्हा गेलो त्या मावशींकडे, पाच फुटांवर उकिडवं बसून, ८५ मिलीमीटर लावून, आणि ४ बाय ६ची प्रिंट काढून आठवड्याने नेऊन दिली. प्रिंटचंही एक गणित आहे. फोटो कॅमेऱ्याला दिसला तसाच डोळ्याला दिसायचा तर फोकल लेन्थ (लेन्सचा तो मिलीमीटरचा आकडा) गुणिले प्रिंट किती पट मोठी केली, एवढ्या अंतरावरून बघावा लागतो. सेन्सरच्या ३६ मिलीमीटरच्या चौकटीची सहा इंची प्रिंट म्हणजे सव्वाचार पट, ८५ ला गुणलं की ३६ सेंटीमीटर, हातात धरून वाचायचं अंतर. फोनच्या २४ मिलीमीटरला हेच १० सेंटीमीटर येतं, आणि इतक्या जवळून कोण बघतं, म्हणून तो फोटो अजूनच विचित्र दिसतो.

मावशींनी प्रिंट आधी नाकाशी नेली, मग चष्मा नाही म्हणून हात लांब केला, मग थोडा आत घेतला आणि तिथे थांबवली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, माझ्या आईवानी दिसाया लागले मी." ती प्रिंट आता त्यांच्या वजनकाट्याच्या मागे, पावसाचं पाणी लागू नये म्हणून दुधाच्या पिशवीत घालून सुतळीने बांधलेली आहे.