तिसऱ्या कुत्र्याचे गणित

दोन कुत्रे एका वेळी फिरवता येत असतील, तर तिसरा सोबत घेतल्याने त्रास फार तर दीडपट होईल, असा माझाही समज होता. मावशी परगावी गेली आणि बेळगावच्या शहापुरातला तिचा गुंडू पंधरा दिवसांसाठी टिळकवाडीला आमच्या घरी आला, तेव्हा पहिल्याच सकाळी तो समज मोडला. आमचे दोन कुत्रे आहेत: वाघ्या आणि मोती. वाघ्या मुधोळ जातीचा आहे, म्हणजे शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात सशांच्या शिकारीसाठी जोपासलेल्या सडपातळ, लांब पायांच्या कुत्र्यांपैकी. मोती रस्त्यावरून उचलून आणलेला. या दोघांच्या दोऱ्या रोज एकमेकींत अडकत आणि रोज सुटत. व्हॅक्सिन डेपोच्या झाडीलगतच्या रस्त्यावर गुंडूसह दहा मिनिटे चालल्यावर मात्र तीन दोऱ्यांची अशी काही वेणी पडली, की मला कडेच्या कट्ट्यावर बसून ती उलगडावी लागली.

तेवढ्यात फिरायला निघालेले शेजारचे काका थांबले आणि म्हणाले, "दोऱ्या आपोआपच गुंततात की वो, शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय." काकांच्या मनात होता तो प्रयोग खरा आहे. अमेरिकेतील डोरियन रेमर आणि डग्लस स्मिथ यांनी पेटीत दोरी टाकून ती पेटी यंत्राने गोल फिरवली, आणि काही सेकंदांत दोरीला गाठी पडतात असे २००७ मध्ये दाखवून दिले. साधारण अर्ध्या मीटरपेक्षा आखूड दोरीला मात्र गाठ पडली नाही. पण तो प्रयोग कुत्र्यांच्या दोऱ्यांना लागू पडत नाही. पेटीतल्या दोरीची टोके मोकळी होती, आणि मोकळे टोक वेटोळ्यांतून ये-जा करू लागले की गाठ पडते. आपल्या दोरीचे एक टोक मुठीत असते आणि दुसरे गळपट्ट्यात. दोरी सैल सोडून तिचे वेटोळे जमिनीवर पडू दिले आणि कुत्रा त्यातून पलीकडे गेला, तर गोष्ट वेगळी. परंतु दोरी हातापासून पट्ट्यापर्यंत सरळ उतरत असेल आणि कुत्रे जमिनीवरच हिंडत असतील, तर कितीही गोंधळ झाला तरी गाठ पडत नाही. पडते ती वेणी. गाठ सोडवायला टोक मोकळे करावे लागते, वेणी मात्र दोन्ही टोके धरलेली असतानाही पूर्ण उलगडते. सगळा प्रश्न कोणत्या क्रमाने उलगडायची एवढाच असतो, आणि मला या विषयाचे वेड लावले ते या क्रमानेच.

आधी दोन कुत्र्यांचे पाहू. वाघ्या डावीकडे आहे आणि मोती उजवीकडे. वाघ्याला पलीकडच्या गवताचा वास आला आणि तो मोतीच्या पुढून उजवीकडे गेला, तर त्याची दोरी मोतीच्या दोरीवर चढते. वरून पाहणाऱ्याला ही जोडी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने अर्धा फेरा फिरलेली दिसेल. हा अधिक एक मानू. वाघ्या त्याऐवजी मोतीच्या मागून, म्हणजे माझ्या आणि मोतीच्या मधून गेला, तर त्याची दोरी खालून जाते आणि अर्धा फेरा उलट्या दिशेने पडतो. तो उणे एक. दिवसभर दोघे कसेही हिंडले तरी दोऱ्यांची स्थिती एका पूर्णांकात सांगता येते. अधिक पाच आणि उणे तीन मिळून अधिक दोन, म्हणजे एक पूर्ण पीळ; कोणता फेरा आधी पडला आणि कोणता नंतर, याने काहीच फरक पडत नाही. वाघ्या पुढून गेला आणि मागून परत आला, तर तो आपल्या जागी आलेला दिसतो, पण दोरीला पूर्ण पीळ बसलेला असतो. ज्या वाटेने गेला त्याच वाटेने परत आला तर हिशेब शून्य होतो. मी स्वतःभोवती योग्य दिशेने एक गिरकी घेतली तरी तो पीळ निघतो, फक्त येणारे-जाणारे पाहत राहतात.

दोन दोऱ्यांना जोडणारी फिरकीची कडी बाजारात मिळते, ती याच कारणाने उत्तम काम करते. दोन दोऱ्यांमध्ये पिळाखेरीज दुसरा कोणताही गुंता संभवतच नाही, आणि पीळ काढणे हेच फिरकीचे काम. पण तीच कडी तीन फाट्यांची करून "कधीही न गुंतणारी" म्हणून विकली जाते, तेव्हा तो दावा गणिताच्या दृष्टीने खोटा असतो. का, ते पाहण्यासाठी हॅम्बुर्गला जावे लागेल.

तिथल्या विद्यापीठात शिकवणाऱ्या एमिल आर्टिन यांनी १९२५ मध्ये वेण्यांचे बीजगणित मांडले. एका वेणीखाली दुसरी जोडली की तिसरी वेणी तयार होते, हा त्यांचा गुणाकार. कोणतीही वेणी उलट क्रमाने उलगडणारी वेणी हा तिचा व्यस्त. दोन पेडांच्या वेण्यांचा हा गुणाकार म्हणजे वर केलेली पूर्णांकांची बेरीजच होय. तिसरा पेड आला की मात्र क्रम बदलल्यास उत्तर बदलते. डावा कुत्रा मधल्याच्या पुढून गेला आणि मग उजवा मधल्याच्या पुढून आला, तर होणारी वेणी एक. तेच आधी उजव्याने आणि मग डाव्याने केले, तर वेणी दुसरी. आधी फोडणी आणि मग डाळ, किंवा आधी डाळ आणि मग फोडणी, यांनी जसा वरणाचा प्रकार बदलतो, तसेच हे आहे. क्रमाची पर्वा नसलेली एकच हालचाल उरते, ती म्हणजे तिन्ही दोऱ्यांना एकत्र बसणारा पूर्ण पीळ आणि त्याच्या पटी. माझी गिरकी आणि फिरकीची कडी यांना तेवढेच काढता येते. बाकी असंख्य वेण्यांपुढे दोन्ही हतबल असतात.

त्या असंख्यांपैकी सर्वांत परिचित वेणी तुम्ही घरी पाहिली आहे: मुलींची तिपेडी वेणी. डावा पेड मधल्यावर, मग उजवा पेड मधल्यावर, असे आळीपाळीने. कुत्र्यांच्या भाषेत सांगायचे तर डाव्याने मधल्याच्या पुढून मध्ये यावे, मग उजव्याने मधल्याच्या पुढून मध्ये यावे, आणि असे तीन वेळा व्हावे. सुरुवातीला डावीकडून वाघ्या, मोती, गुंडू असा क्रम असेल, तर सहा ओलांडण्यांनंतर तिघेही आपापल्या मूळ जागी येतात. आता जोड्यांचे हिशेब मांडा. वाघ्याने मोतीला पहिल्या खेपेस डावीकडून ओलांडले आणि चौथ्या खेपेस उजवीकडून. अधिक एक, उणे एक, शून्य. गुंडू आणि वाघ्या यांचे दुसऱ्या व पाचव्या खेपेचे मिळून शून्य, मोती आणि गुंडू यांचे तिसऱ्या व सहाव्या खेपेचे मिळून शून्य. प्रत्येक जोडीचा पीळ शून्य, प्रत्येक कुत्रा आपल्या जागी, आणि तरीही समोर घट्ट वेणी! कागदावर हे पहिल्यांदा जुळवले तेव्हा मी चहा गार होऊ दिला होता.

याचे कारण खेपा पुन्हा तपासल्या की दिसते. वाघ्याची दोरी दर वेळी मोतीच्या वरून गेली आहे, मोतीची गुंडूच्या वरून, आणि गुंडूची पुन्हा वाघ्याच्या वरून. दगड-कागद-कात्रीसारखे हे चक्र आहे. सर्वांत वरची दोरी कोणती, या प्रश्नाला उत्तरच नाही. म्हणून पिळाच्या गुंत्यात जे होत नाही ते इथे होते: तिघांपैकी कोणत्याही एकाची दोरी काढून घ्या, उरलेल्या दोन आपोआप सुटतात, कारण त्यांतली एक सरळ दुसरीच्या वर पडलेली असते. याच वेणीची वरची आणि खालची टोके जुळवली, तर इटलीतल्या बोरोमेओ घराण्याच्या कुलचिन्हातल्या तीन कड्या मिळतात. त्यांतल्याही कोणत्याच दोन एकमेकींत अडकलेल्या नसतात, पण तिन्ही मिळून वेगळ्या होत नाहीत. शहापूर-वडगावच्या मागांवर सुताचा पीळ आणि त्याची वीण या दोन वेगळ्या गोष्टी मानतात, आणि भेद नेमका इथेही तोच आहे.

आर्टिन यांनी १९४७ मध्ये या विषयावर पुन्हा लिहिले आणि कोणतीही वेणी ठरावीक पद्धतीने "विंचरून" एका नेमक्या रूपात आणता येते हे दाखवले. मात्र हा प्रयोग जिवंत माणसाच्या केसांवर करू नये, केल्यास गणिताविरुद्ध रोष उसळेल, असेही त्यांनी गमतीने बजावले. गुंडूचा स्वभाव पाहता मीही तो सल्ला पाळला.

प्रत्यक्ष उलगडताना दोन मार्ग असतात. कुत्र्यांच्या बाजूने उलगडायचे तर शेवटची ओलांडणी आधी उलटवावी लागते, कारण ती पट्ट्यांच्या जवळ असते. पण त्यासाठी कुत्र्यांनी सांगितलेल्या वाटेने मागे जायला हवे, आणि ते जात नाहीत. हाताच्या बाजूने उलगडायचे तर उलट, पहिली ओलांडणी आधी सोडवायची असते. कुत्रे हिंडत राहतात तसतशी जुनी ओलांडणी मुठीकडे सरकते आणि नवी तिच्याखाली बसते. म्हणून तिन्ही दोऱ्यांच्या मुठी वेगवेगळ्या ठेवून त्या एकमेकींवरून आणि एकमेकींखालून फिरवाव्यात. कुत्रे स्थिर उभे असतील तर या कामात त्यांची संमती लागत नाही. मुठी मनगटाला गुंडाळण्याची सवय मात्र सोडावी, कारण गुंडाळलेली मूठ फिरवता येत नाही आणि वाघ्यासारख्याने मांजर पाहून झेप घेतली तर मनगट जाते.

गुंडूच्या दोरीला मावशीने बिब्बा आणि काळा दोरा बांधला आहे, नजर लागून दोऱ्या अडकू नयेत म्हणून. दृष्ट काढणाऱ्यांनी एवढाच विचार करावा, की काळा दोरा हा तीन दोऱ्यांच्या गुंत्यात अडकायला मिळालेला आणखी एक धागा आहे. पहिल्या सकाळी मोतीचा पट्टा त्याच बिब्ब्यात अडकला होता.

आता मावशी परतली आहे आणि रस्त्यावर पुन्हा दोनच कुत्रे आहेत, तरी तीन पेडांचे गणित काही संपलेले नाही. रस्त्यावरचा विजेचा खांब म्हणजे जागचा न हलणारा, न भुंकणारा तिसरा पेड असतो. वाघ्या त्याच्या डावीकडून गेला, मोती उजवीकडून, मग वाघ्या मोतीच्या पुढून परतला, की तीच तिपेडी सुरू होते. आणि खांबाची मूठ माझ्या हातात नसल्यामुळे तिथे उरलेल्या दोन मुठीच त्याच्याभोवती फिरवाव्या लागतात, पहिली ओलांडणी आधी.