समुद्रशास्त्राची पदवी: दुष्काळी भागातून समुद्राकडे जाणारी वाट

"सर, समुद्राचं शिकायचंय. बी.एस्सी.ला तसा विषय भेटंल का?" बारावीच्या निकालानंतर एका मुलीनं मला हे विचारलं तेव्हा तिची आई शेजारीच बसली होती. "आपल्याकडं नळाला दहा दिवसाला पाणी येतंय, अन् हिला समुद्र पायजे," आई म्हणाली. ती चिडून बोलली नाही, काळजीनं बोलली. लातूरच्या बाजूला हुशार मुलीनं नीटची तयारी करायची असते, एवढं तिला ठाऊक होतं.

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. भारतात समुद्रशास्त्र मुख्यतः पदवीनंतर, म्हणजे एम.एस्सी.ला शिकवलं जातं. बारावीनंतर थेट त्याच विषयाची पदवी हा अपवाद आहे. आईच्या बोलण्याला मात्र छोटं उत्तर पुरत नाही. तिला वाटत होतं की समुद्र आणि आपली कोरडवाहू जमीन यांचा संबंध नाही. या विषयाचा इतिहास उलट सांगतो: भारतात समुद्राकडं गंभीरपणे पाहायला भाग पाडलं ते दुष्काळांनी.

विषयाची सुरुवात बहुतेक जण 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजापासून धरतात. डिसेंबर १८७२ मध्ये ते निघालं, साडेतीन वर्षं जगभरच्या समुद्रांतून फिरलं आणि मे १८७६ मध्ये परतलं. समुद्राची खोली, तळाचा गाळ, पाण्याचं तापमान, क्षार, जीवजंतू या सगळ्याच्या नोंदी त्यांनी केल्या आणि त्यांचे अहवाल पुढं पन्नास खंडांत छापले गेले. मला यात महत्त्वाची वाटते ती जहाजावरची माणसं. त्यांच्यात 'समुद्रशास्त्रज्ञ' म्हणून शिकलेला कुणीच नव्हता, कारण तसं शिक्षणच अस्तित्वात नव्हतं. मोहिमेचे प्रमुख वायविल थॉमसन हे निसर्गविज्ञानाचे प्राध्यापक, बुकॅनन रसायनशास्त्रज्ञ, मोझली प्राणिशास्त्रज्ञ. जॉन मरे यांनी एडिनबर्गला वैद्यकासह बरंच काही शिकून पदवी घेतलीच नव्हती. चौघं चार वाटांनी आले आणि एका डेकवर भेटले. समुद्रशास्त्र आजही भौतिक, रासायनिक, जैविक आणि भूशास्त्रीय अशा चार शाखांत वाटलेलं आहे, त्याचं मूळ इथं आहे. आधी एका मूळ विज्ञानात पाया घाला आणि मग समुद्रावर या, ही पद्धत त्या जहाजापासून चालत आली.

चॅलेंजर परतलं त्याच वर्षी दख्खनवरचा पावसाळा कोरडा गेला. १८७६ ते १८७८ चा तो दुष्काळ मुंबई आणि मद्रास इलाखा, म्हैसूर आणि निजामाचं हैदराबाद संस्थान यांच्यावरून नांगरासारखा फिरला. आजचा मराठवाडा तेव्हा त्या संस्थानात होता. लक्षावधी माणसं मेली. या दुष्काळामागं पॅसिफिक महासागरातल्या एल निनोचा, म्हणजे तिथलं पाणी नेहमीपेक्षा जास्त तापण्याचा, मोठा हात होता, हे आज आपल्याला कळतं. तेव्हा ते ना जहाजावरच्या विद्वानांना माहीत होतं, ना गावातल्या जोश्याला.

भारतीय हवामान खातं १८७५ मध्ये स्थापन झालं होतं. दुष्काळानंतर सरकारला पावसाचा अंदाज हवा होता. खात्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातल्या बर्फाचा आणि पावसाचा संबंध जोडला आणि १८८६ पासून मोसमी पावसाचे अंदाज देणं सुरू झालं. पुढं १८९९ चा दुष्काळ आला. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हे केंब्रिजचे गणिती खात्याचे प्रमुख झाले. हवामानाचं शिक्षण त्यांच्याकडं नव्हतं, पण आकड्यांची जाण होती. जगभरच्या ठाण्यांवरचा हवेचा दाब, तापमान, पाऊस यांच्या नोंदी घेऊन त्यांनी भारतीय कारकुनांच्या मदतीनं वर्षानुवर्षं हाताने गणितं केली. त्यातून त्यांच्या लक्षात आलं की पॅसिफिकवरचा दाब वाढला की हिंदी महासागराकडचा कमी होतो, आणि उलटही होतं, तराजूच्या दोन पारड्यांसारखं. त्याला त्यांनी 'सदर्न ऑसिलेशन' म्हटलं. शोध होता भारतातल्या पावसाचा, आणि हाती लागला तो दोन महासागरांवर पसरलेला झोका. हा झोका समुद्राच्या पाण्याच्या तापमानाशी बांधलेला आहे, हे हवामानशास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये मांडलं.

आणि तीनच वर्षांनी १९७२ उजाडलं.

मराठवाड्यात दुष्काळाचं हे साल सांगावं लागत नाही. वयस्कर माणसं आपलं लग्न, बाळंतपण, शाळा सुटणं हे 'बहात्तरच्या आधी' आणि 'बहात्तरनंतर' असं मोजतात. दुष्काळी कामांवर खडी फोडायची, नालाबंडिंगवर आणि पाझर तलावावर माती टाकायची, सुकडी खायची आणि मिलोची भाकरी करायची. त्याच मोसमात पेरूच्या किनाऱ्यावर अँचोव्ही नावाच्या लहान माशाची मासेमारी कोसळली. १९७० मध्ये तिथं वर्षाला एक कोटी टनांहून जास्त मासळी निघत होती. १९७३ मध्ये ती वीस लाख टनांच्या आसपास आली. बेसुमार मासेमारीही त्याला कारण होती, पण मोठा धक्का दिला तो एल निनोनं. एरवी तिथं समुद्राच्या पोटातलं थंड, पोषक पाणी वर येतं. एल निनोच्या वर्षी त्यावर गरम पाण्याचा थर बसतो आणि माशांचं अन्न तुटतं. पेरूचा कोळी आणि बीडचा शेतमजूर यांनी एकमेकांचं नावही ऐकलेलं नव्हतं. एकाच महासागरातल्या एकाच उलथापालथीनं दोघांचा रोजगार काढून घेतला. समुद्रशास्त्र कशासाठी शिकायचं, असं मला कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच, असं मात्र नाही, आणि इथून विषय आणखी आपल्या जवळ येतो. १९९७ चा एल निनो फार जोरदार होता, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. १९९९ मध्ये साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांनी दाखवलं की हिंदी महासागराचाही स्वतःचा झोका आहे: कधी पश्चिमेकडचं पाणी जास्त तापतं (तेव्हा एल निनोचा फटका आपल्याला कमी बसू शकतो), कधी पूर्वेकडचं. त्याला आता 'इंडियन ओशन डायपोल' म्हणतात. मे-जूनमध्ये पावसाच्या अंदाजाच्या बातमीत हा शब्द येतो, आपल्याकडची माणसं तो वाचतात आणि पेरणीचं ठरवतात.

मराठवाड्याचा पाऊस तर समुद्राच्या हिशेबानं आणखी अवघड आहे. अरबी समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि आपल्या वाट्याला पर्जन्यछाया येते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये आपण बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्याची वाट पाहतो. तो उपसागर मोठा विलक्षण आहे. गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, आणि पैठण-नांदेडवरून गेलेली आपली गोदावरीही त्यात गोडं पाणी ओतते. गोडं पाणी हलकं. ते खाऱ्या पाण्यावर झाकणासारखं पसरतं, खालचं थंड पाणी वर येऊ देत नाही, आणि उन्हाची ऊब वरच्या थरातच साठते. हवामानशास्त्रज्ञ सुलोचना गाडगीळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये दाखवलं की समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण २८ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की मोठे ढग संघटित होण्याची शक्यता एकदम वाढते. या झाकणात गोदावरीचा वाटा थोडा आहे, पण आहे. आपण सोडलेलं पाणी आणि आपल्याकडं येणारं पाणी एकाच ठिकाणी भेटतं, ही गोष्ट मला वर्गात सांगताना आजही आनंद होतो.

जुन्या काळी हे नातं अधिक उघड होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, यांची नावं आहेत. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, तिथला माल गाड्यांवरून बंदराकडं जातो, असं त्यात लिहिलंय. तेरच्या संग्रहालयातल्या वस्तू पाहिल्या की रोमपर्यंतच्या व्यापाराची कल्पना येते. हा व्यापार मोसमी वाऱ्यांच्या ज्ञानावर चालत होता: एका ऋतूत जहाज इकडं, दुसऱ्या ऋतूत तिकडं. सातवाहनांच्या नाण्यांवरही जहाज कोरलेलं आहे. म्हणजे राजधानी पैठणला असलेल्या माणसांना समुद्र परका नव्हता.

भारतात समुद्राचं आधुनिक संशोधन बराच काळ जहाजावरच्या डॉक्टरांकडं होतं. 'इन्व्हेस्टिगेटर' या सर्वेक्षण जहाजावर सर्जन-निसर्गतज्ज्ञ असत आणि ते खोल पाण्यातले प्राणी गोळा करत. त्यामुळं आपल्याकडं समुद्राचा अभ्यास म्हणजे प्राणिशास्त्राची शाखा, असा समज रुजला आणि तो अजूनही पुरता गेलेला नाही. प्रवाह, लाटा, उष्णता यांचं भौतिकशास्त्र शिकवण्याची सोय स्वातंत्र्यानंतर झाली. १९५० च्या दशकात अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञ यूजीन लाफाँड विशाखापट्टणमला आंध्र विद्यापीठात आले आणि तिथं हा विषय उभा राहिला. गोदावरीच्या मुखापासून किनाऱ्यानं उत्तरेला गेलं की हे शहर लागतं.

१९६० ते १९६५ या काळात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. अनेक देशांची जहाजं आली. भारतीय नौदलाचं 'किस्तना' त्यात होतं. हवामानाच्या नोंदींसाठी मुंबईत कुलाब्याला आंतरराष्ट्रीय केंद्र चाललं. मोहीम संपताच, १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक. तिचं मुख्यालय गोव्यात दोना पावलाला आहे. १९७६ मध्ये 'गवेषणी' हे संशोधन जहाज मिळालं, १९८१ मध्ये केंद्रात महासागर विकास विभाग निघाला, १९८३ मध्ये 'सागर कन्या' आलं.

या क्रमात एक गोष्ट दिसते. आंध्र विद्यापीठाचा अपवाद सोडला तर आधी जहाज आलं, मग संस्था आली आणि विद्यापीठं सर्वांत शेवटी. संस्थांना हवे होते संशोधक. त्यांनी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र शिकलेली मुलं घेतली. त्यामुळं विद्यापीठांनीही एम.एस्सी.चे वर्ग काढले, पदवीचे नाहीत. ब्रिटनमध्ये साउथॅम्प्टनला किंवा अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात आज समुद्रशास्त्राची पदवी घेता येते. तिथं विद्यापीठाच्या हाताशी बंदर, बोट आणि किनारा असतो. आपल्याकडं पदवीच्या वर्गातल्या साठ मुलांना बोटीवर नेणं हे किनाऱ्यावरच्या विद्यापीठालाही जड जातं. माझं मत विचाराल तर यात मराठवाड्याच्या मुलांचा तोटा झाला नाही. पदवीपर्यंत गोव्याच्या मुलाला आणि परभणीच्या मुलीला तेच गणित, तेच भौतिकशास्त्र शिकायचं असतं. शर्यत एम.एस्सी.च्या प्रवेशापासून सुरू होते.

मराठवाड्यात पदवीचं शिक्षणच उशिरा आलं. १९४८ पर्यंत उच्च शिक्षणासाठी हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ. १९५० मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढलं, १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ झालं, १९९४ मध्ये नांदेडचं. आपल्या प्राणिशास्त्र विभागांनी स्वाभाविकपणे धरणं आणि तलाव अभ्यासले. आपला समुद्र म्हणजे जायकवाडीचा नाथसागर. पाण्याशी थेट जोडलेली पदवी मराठवाड्यात मिळते ती उदगीरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयात. चार वर्षांच्या त्या अभ्यासक्रमात मत्स्यशेतीबरोबर सागरी जीवशास्त्रही येतं. ज्याला माशांकडून समुद्राकडं जायचंय त्यानं ही वाट जरूर पाहावी.

ज्यांनी दुसरी वाट धरली त्यांच्यातल्या दोघी आपल्याच भाषेतल्या. अदिती पंत यांनी पुणे विद्यापीठातून बी.एस्सी. केलं, हवाईला जाऊन समुद्रशास्त्र शिकल्या आणि १९८३ मध्ये सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासह अंटार्क्टिकाला गेल्या. भारताच्या अंटार्क्टिका मोहिमांवर गेलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. वर आलेल्या सुलोचना गाडगीळ पुण्यात गणित शिकून हार्वर्डला गेल्या. दोघींच्याही पहिल्या पदवीवर समुद्राचं नाव नाही.

बारावीनंतर लगेच या दिशेला जायचं असेल तर पुण्याच्या आयसरमध्ये (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत) पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात पृथ्वी आणि हवामान विज्ञान आहे. खरगपूर आणि मद्रास आयआयटीतलं ओशन इंजिनिअरिंग हे जहाजं आणि समुद्रातली बांधकामं यांचं शास्त्र आहे. नाव सारखं म्हणून गफलत करू नये. साधी बी.एस्सी. केली तर पुढं कोचीन, आंध्र, गोवा या विद्यापीठांची दारं उघडतात.

हे सगळं ऐकून आईनं विचारलं, नोकरी कुठं, बंदरावर? मी सांगितलं की २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर देशाला सूचना देणारं केंद्र उभारलं गेलं, ते इन्कॉइस या संस्थेत. कोळ्यांना मासळीच्या जागा आणि लाटांचे अंदाजही तीच संस्था कळवते. आणि ती हैदराबादला आहे, किनाऱ्यापासून कितीतरी आत.

"हैदराबादला व्हय?" आई म्हणाली. "माझे आजोबा तिथंच शिकले होते." मग तिनं पिशवीतून मुलीची गुणपत्रिका काढली आणि भौतिकशास्त्र-गणित-रसायन या गटाचा प्रवेश अर्ज कुठल्या खिडकीवर मिळतो ते विचारलं.